पितळी बॅरल बसवताना : १/६०० ची आयएनएस दिल्ली आणि बाकी युद्धनौका

मांडवी६००
१२ जुलै, रात्री ९:४०

एअरफिक्सचं १/६०० एचएमएस एजॅक्स (खऱ्या जहाजाच्या सहाशेव्या भागाएवढं प्लास्टिकचं किट) जोडायला घेतलंय. त्यातून डिसेंबर १९६१ ची आयएनएस दिल्ली काढायची आहे, गोवा मुक्तीच्या शेल्फवर ठेवायला. दिल्ली म्हणजे मूळची एचएमएस अकिलीस, एजॅक्सचीच बहीण, म्हणून हे किट. पण किटमधल्या ६ इंची नळ्या म्हणजे अगरबत्तीच्या काड्या: जाड, भरीव आणि मधोमध मोल्डची शिवण. पितळी नळ्या लावायच्या आहेत. तीन प्रश्न:

एक, १/६०० साठी तयार सेट दिसत नाही, १/७०० चा चालेल का? दोन, आठ नळ्यांचा सेट घेऊ की सुट्या? तीन, पितळ प्लास्टिकला नेमकं कशाने चिकटवायचं? फेविक्विकने दोनदा पांढरा थर आलाय.

---

पेडणेकर७००
१२ जुलै, रात्री १०:२५

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच पैसे वाचतील. आठ नळ्या नकोत, सहाच लागतील. जानेवारी १९४३ मध्ये अकिलीसच्या एक्स टरेटवर बॉम्ब पडला (टरेट म्हणजे तोफांचं फिरतं घर; पुढची दोन ए आणि बी, मागची दोन एक्स आणि वाय). पुढे पोर्ट्समथच्या दुरुस्तीत तो टरेट काढून टाकला आणि त्या जागी पॉमपॉम, म्हणजे छोट्या विमानविरोधी तोफा, आल्या. जुलै १९४८ मध्ये ती भारताकडे आली ती तीन टरेट आणि सहा तोफा घेऊनच. म्हणजे ए, बी आणि वाय. मागच्या बाजूला एकच टरेट. एजॅक्सचा एक्स टरेट तसाच चिकटवून वर 'दिल्ली' लिहिलेली मॉडेल दिसतात, ती १९४१ ची जहाजं आहेत, १९६१ ची नाहीत.

आणि शेल्फविषयी एक गोष्ट, राग मानू नका. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्ली दीवला होती, तिने तोफा डागल्या त्या तिथे. मुरगाव बंदरात १८ डिसेंबरला पोर्तुगीज अफोन्सो दि अल्बुकर्कशी भिडल्या त्या बेतवा आणि बियास. अंजदीवला म्हैसूर आणि त्रिशूल होत्या. दिल्ली ठेवा, पण खालच्या पाटीवर 'दीव' लिहा.

आता १/७०० च्या नळ्या १/६०० वर. ही तोफ ६ इंची, ५० कॅलिबर (भोकाची लांबी व्यासाच्या ५० पट), मार्क २३. भोक १५२ मिमी, भोकाची लांबी ७.६२ मीटर. १/६०० ला १२.७ मिमी, १/७०० ला १०.९ मिमी. म्हणजे सात भागांतला एक भाग आखूड. जाडीही त्याच प्रमाणात कमी. सुटी पाहिली तर कळणार नाही, पण टरेटचं घर १/६०० चं आणि नळी १/७०० ची असली की जहाज बोटं आखडल्यासारखं दिसतं. टाळा.

१/३५० वाल्यांसाठी: मार्क २३ हीच तोफ ब्रिटिश क्रूझर एचएमएस बेलफास्टवर, म्हैसूरवर आणि दिल्लीवर. बेलफास्टसाठी विकला जाणारा बारा नळ्यांचा सेट दिल्लीला चालतो, फक्त सहा उरतात.

---

वास्को_लेथ
१३ जुलै, सकाळी ७:५०

१/६०० साठी सेट शोधूच नका, मेडिकल स्टोअरमध्ये जा. इंजेक्शनची २५ गेजची सुई मागा, नारिंगी हबची (सुईच्या बुडाचा प्लास्टिकचा भाग). बाहेरून ०.५१ मिमी, आतून ०.२६. तुमच्या तोफेचं भोक १/६०० ला ०.२५ येतं. याहून जवळचा आकडा पैसे मोजूनही मिळणार नाही. १/३५० ला २२ गेज, काळा हब: बाहेरून ०.७२, आतून ०.४१, आणि लागतं ०.४३. नवी, सीलबंद सुईच घ्यायची, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

सुई स्टेनलेस स्टीलची असते. पक्कडीने किंवा कटरने कापली तर तोंड चपटं होतं आणि भोक बुजतं, मग दिवसभर कोरत बसा. त्रिकोणी बारीक कानशीने भोवती खाच पाडायची: सुई बोटाने काचेवर फिरवत, कानस स्थिर. खाच पूर्ण गोल झाली की दोन चिमट्यांनी वाकवली की 'टक्' करून तुटते. खाच पाडण्याआधी आत ०.२ मिमीची तार घालून ठेवली तर कड आत दबत नाही. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर (ओला करून वापरायचा घासकागद) उभी धरून तोंड सपाट करा आणि आतली बर, म्हणजे कापताना उरलेली खरबरीत कड, ३० गेजच्या सुईच्या टोकाने काढा. टोकदार तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका, कचऱ्याच्या पिशवीत नको. कचरा उचलणाऱ्याला टोचतात.

सुईची एकच उणीव, ती सरळसोट असते. तोफ टरेटपाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती असते.

---

मांडवी६००
१३ जुलै, सकाळी ९:१०

एक्स टरेटचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. पाटी बदलतो. लेथदादा, निमुळतेपणा कसा आणायचा? कानशीने खाच पडते, पण अख्खी सुई घासून निमुळती होत नाही.

---

वास्को_लेथ
१३ जुलै, दुपारी १:३०

स्टील तसं घासून होणार नाही, बरोबर. दोन रस्ते आहेत.

सोपा: मॉडेलच्या दुकानात मायक्रो ट्यूब म्हणून पितळी नळ्या मिळतात, एकात एक सरकणाऱ्या. ०.५ मिमीची ०.७ च्या आत जाते. आतली नळी पूर्ण लांबीची ठेवायची, बाहेरची टरेटच्या बाजूला साधारण तिसरा हिस्सा. पायरी तयार होते. त्या पायरीवर ब्रशने जाड सरफेसर (खाचा भरणारा प्रायमर), मिस्टर सरफेसर ५०० सारखा, तीनदा लावायचा. नळी हाताच्या ड्रिलमध्ये घट्ट धरून फिरवत १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासायचं. पायरी विरघळल्यासारखी होते. १/६०० ला ०.७ म्हणजे खऱ्या जहाजावर ४२ सेंटिमीटर, फोटोशी ताडून पाहा.

दुसरा रस्ता भरीव पितळी तारेला मिनी ड्रिलमध्ये निमुळतं करायचा. मग टोकाला ०.२५ चं भोक पाडावं लागतं आणि त्या कामात तीन-चार ड्रिल बिट गेलेच समजा. लेथ असेल तरच त्याच्या वाटेला जा.

पितळ ओलं करून घासा. पितळात शिसं असू शकतं, धूळ नाकात नको.

---

साखळीकर
१३ जुलै, सायंकाळी ६:१५

विरोधी सूर लावतो. १/७०० च्या अलीकडच्या चांगल्या किटमध्ये प्लास्टिकच्या नळ्यांनाही तोंडाला भोक येतं, जाडीही ठीक असते. तिथे पितळ लावून काय मिळतं? ६ इंची तोफेचं भोक १/७०० ला ०.२२ मिमी, रंगाचा एक थर चढला की बुजतं. ४ इंचीचं ०.१५. ४० मिमी बोफर्सचं तर ०.०६. त्या भोकाला पैसे मोजण्यात अर्थ नाही, आणि पितळ वाकडं बसलं तर प्लास्टिकपेक्षा वाईट दिसतं, कारण नजर थेट तिकडेच जाते.

पितळाचा खरा फायदा सरळपणात आहे. प्लास्टिकची लांब नळी स्प्रूमधूनच (भाग जोडलेली किटची चौकट) वाकडी येते आणि गरम पाण्यात सरळ केली तरी दोन महिन्यांत पुन्हा वळते. म्हणून जर्मन बिस्मार्क, जपानी यामातो या युद्धनौकांच्या मोठ्या तोफांना पितळ जरूर घ्या. बिस्मार्कच्या ३८ सेंमी तोफेचं भोक १/३५० ला १.०९ मिमी, यामातोच्या ४६ सेंमीचं १.३१. हे डोळ्याला दिसतं. किटची चूकही लपत नाही आणि पितळाचं कामही.

---

केरी_किनारा
१३ जुलै, रात्री ८:४५

साखळीकरांचं बोफर्सबद्दल मान्य, ६ इंचीबद्दल नाही. १/६०० च्या जुन्या किटची नळी आणि आजच्या १/७०० ची नळी यांची तुलनाच होत नाही.

मांडवी, आता तिसरा प्रश्न. पांढरा थर हा फेविक्विकचा दोष नाही, आपल्या जुलैच्या हवेचा आहे. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. हवा दमट असली की तो झटकन धरतो आणि त्याची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन बसते. खोली बंद आणि हवा थांबलेली असली की जास्तच. उपाय: पातळ ग्लू नको, जेल घ्या. कागदावर थेंब काढून सुईच्या टोकाने अगदी टिपकाभर, तोही नळीच्या मागच्या खुंटीला, टरेटच्या भोकाला नाही. पंखा बाजूला, हवा वाहती. थर आलाच तर रंगाआधी कापसाच्या बोळ्याने पुसून वर प्रायमर, दिसत नाही.

पण जोडीच्या नळ्यांना अराल्डाइटच बरं, पाच मिनिटांचं. सुपरग्लू दोन सेकंदांत धरतो आणि तेवढ्यात दुसरी नळी समांतर बसवणं होत नाही. प्लास्टिकचं सिमेंट पितळावर निरुपयोगी. ते प्लास्टिक वितळवून जोडतं, पितळ वितळत नाही.

---

पेडणेकर७००
१३ जुलै, रात्री १०:०५

समांतरचा विषय निघालाच आहे तर सगळी रीत लिहून टाकतो. इथेच निम्म्या लोकांचं काम बिघडतं.

जुनी नळी कापण्याआधी तिची टरेटच्या तोंडापासून टोकापर्यंतची दिसणारी लांबी व्हर्नियरने मोजा आणि कागदावर लिहा. कापल्यावर मोजायला काही उरत नाही. पण किटचीच लांबी बरोबर आहे असं धरू नका. जहाजाचा बाजूने घेतलेला फोटो घ्या, टरेट सरळ पुढे असलेला. नळीच्या दिसणाऱ्या भागाचं टरेटच्या छताशी प्रमाण काढा. फोटोत नळी छताच्या सव्वापट असेल तर मॉडेलवरही तेवढीच हवी. ५० कॅलिबर म्हणजे आतल्या भोकाची पूर्ण लांबी. तिचा बराच भाग टरेटच्या आत असतो, म्हणून १२.७ मिमी बाहेर काढू नका.

नळी टरेटपासून मिलिमीटरभर ठेवून कापा, उरलेला खुंट ४०० नंबरने सपाट करा. घासताना टरेटचा तिरका चेहरा चपटा होणार नाही याकडे लक्ष. खुंटाच्या मधोमध शिवणकामाच्या सुईने खळगा दाबा. ड्रिल त्या खळग्यात बसलं की घसरत नाही. पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) आधी ०.३, मग ०.१ च्या पायरीने वाढवत नळीच्या खुंटीएवढं. एकदम ०.७ चं बिट घातलं तर प्लास्टिक वितळून भोक लंबगोल होतं. खोली दोन ते अडीच मिमी. कार्बाइड बिट तिरपं दाबलं की मोडतं, एचएसएस (हाय स्पीड स्टील) वाकतं पण टिकतं. नवख्याने एचएसएस घ्यावं.

आता ज्याने खरंच फरक पडतो ते. नळ्या लावण्याआधी दोन्ही भोकांत ४० मिमी लांबीच्या सरळ तारा घाला आणि समोरून, वरून, बाजूने बघा. एक अंशाची चूक ९ मिमीच्या नळीवर ०.१६ मिमी दिसते, म्हणजे दिसतच नाही, पण मन खुपत राहतं. तीच चूक ४० मिमीच्या तारेवर ०.७ मिमी होते आणि लगेच पकडता येते. भोक चुकलं असेल तर इपॉक्सी पुटीने भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडा. ग्लूने 'अॅडजस्ट' करायला गेलात तर नळी वाळता वाळता सरकते.

उंचीचा कोन: एकाच कार्डबोर्डची पाचर कापून दोन्ही नळ्यांखाली ठेवा. सगळ्या टरेटना तीच पाचर.

---

वास्को_लेथ
१४ जुलै, सकाळी ८:००

तारांची युक्ती सोन्यासारखी. एक जोड: नळी घेतल्यावर काचेवर बोटाने लोळवून बघा. टोक हललं तर नळी वाकडी आहे. १/७०० ची नळी पाकिटातच वाकते. सरळ करायला काचेवर ठेवून स्टीलच्या पट्टीने हलक्या दाबाने लोळवा. काही जण गॅसवर तापवून मऊ करतात, तसं करू नका. फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या) रेलिंगला ते ठीक, वळवायचीच असते ती. नळी मऊ झाली की नंतर कापडाचा धागा अडकला तरी वाकते.

---

दर्यागोंयकार
१४ जुलै, दुपारी १२:४०

पात्रांव, म्हैसूर करणाऱ्यांसाठीही लिहा की! नऊ नळ्या सरळ रेषेत लावू?

---

पेडणेकर७००
१४ जुलै, दुपारी २:२०

नको! बरं झालं विचारलंत. म्हैसूर म्हणजे मूळची एचएमएस नायजेरिया, १९५७ मध्ये आपल्या नौदलात आली. तीन टरेट, प्रत्येकी तीन तोफा. ब्रिटिश ६ इंची तिहेरी टरेटमध्ये मधली तोफ बाजूच्या दोघींपेक्षा ३० इंच मागे बसवलेली असते. १/३५० ला २.२ मिमी, १/७०० ला १.१ मिमी. तिन्ही टोकं एका रेषेत आली की टरेट चुकला.

यातून दोन भानगडी होतात. तीन सारख्या नळ्या घेऊन मधली तेवढीच बाहेर काढली तर टोक पुढे येतं. म्हणून मधलीची खुंटी आखूड न करता भोक (१/३५० ला) २.२ मिमी जास्त खोल पाडायचं, आणि तेवढ्यासाठी टरेटच्या आत जागा आहे का ते आधी बघायचं. पातळ भिंतीच्या टरेटमध्ये मागे प्लास्टिकचा ठोकळा चिकटवून मग ड्रिल करा. दुसरं, नळी टरेटपाशी जाड असल्याने मागे सरकली की तिचा जाड भाग तोंडात अडकतो. तिथे भोक वरून थोडं उघडावं लागतं. बेलफास्टचे फोटो पाहा. ती लंडनला थेम्समध्ये उभी आहे, टरेटची रचना तशीच.

---

मांडवी६००
१४ जुलै, रात्री ९:०५

सुया आणल्या. २५ गेजची चाचणी नळी बसली, तारांनी कोन तपासला, अराल्डाइटने घट्ट. आता रंग. प्रायमर मारल्यावर टोकावरून नखाएवढा पापुद्रा निघाला. पृष्ठभाग स्वच्छ पुसला होता.

---

केरी_किनारा
१४ जुलै, रात्री ९:५०

पुसलं कशाने, आणि पुसल्यावर हात लागला का? पितळावर बोटाचा घाम आणि लेथचं तेल दोन्ही बसतात. आपल्याकडे त्यावर समुद्राची हवा, एका रात्रीत डाग. जुलैमध्ये पितळ उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी रंगवायचं नाही. सगळं एकाच बैठकीत करायचं.

पितळाला: साबणाच्या पाण्याने धुवा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं, पाण्याने भरपूर धुवा, हेअर ड्रायरच्या थंड हवेने वाळवा. नंतर फक्त चिमटा. व्हिनेगरमध्ये रात्रभर विसरलात तर पितळ तांबूस होतं, जस्त निघून जातं. मग मेटल प्रायमरचा एक पातळ हात, त्यावर सरफेसर १२०० किंवा १५००. मेटल प्रायमर पारदर्शक असतो, लावला की नाही कळत नाही, म्हणून बाटलीवर खूण करा, हसू नका.

तुमच्या सुया स्टेनलेस आहेत, त्यांना व्हिनेगरचा उपयोग नाही. १००० नंबरने हलकं खरबरीत करा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, मेटल प्रायमर.

पावसाळ्यात स्प्रे कॅन मारला की रंग पांढरट, धुरकट होतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. एसी असलेल्या खोलीत, हवा कोरडी झाल्यावरच मारा. एअरब्रश असेल तर रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) मिसळा. चार पातळ हात मारा, दर हाताआधी मागचा सुकू द्या. जाड एक हात मारला की ०.२६ चं भोक गेलं. रंगाआधी भोकात ०.२ ची तार खोचून ठेवा, रंग झाल्यावर ओढा. आत काळा ठिपका द्यायचा असेल तर सुईच्या टोकाने पातळ काळा, केशाकर्षणाने तो स्वतःच आत जातो.

---

साखळीकर
१४ जुलै, रात्री १०:३०

आणि रंगाचा नेमका राखाडी कोणता हे फोटोवरून ठरवा, जुन्या कृष्णधवल फोटोतल्या छटांवर भांडत बसू नका. तेवढाच वेळ नळ्यांना द्या.

---

दर्यागोंयकार
१५ जुलै, सकाळी ११:१५

मग अफोन्सो अल्बुकर्क करायची झाली तर? चार १२० मिमी तोफा ना?

---

वास्को_लेथ
१५ जुलै, दुपारी १२:००

हो, चार, एकेरी माउंटवर. भोक १/३५० ला ०.३४. २३ गेजची सुई, निळा हब: बाहेरून ०.६४, आतून ०.३४. तंतोतंत. बेतवा-बियासच्या ४.५ इंची तोफांना (११४ मिमी, प्रत्येक जहाजावर दोन दुहेरी टरेट) हीच चालते, लागतं ०.३३. म्हणजे मुरगावच्या लढाईची तिन्ही जहाजं एका सुईच्या पाकिटात होतात, फक्त टरेट वेगळे. अल्बुकर्कच्या तोफांना मागे ढाल उघडी असते, तिथे तोफेचा मागचा भाग दिसतो. सुई मागे कापून उघडी सोडू नका, भरीव प्लास्टिकची दांडी लावा.

---

मांडवी६००
१५ जुलै, रात्री ८:२०

बरं. दुसरा हात मारला, पापुद्रा नाही. सहाही नळ्या पाचरीवर बसल्या. बी टरेटची उजवी केसभर खाली वाटतेय, तार घालून बघितली तर सरळ आहे. डोळ्याचा भ्रम असेल?

---

पेडणेकर७००
१५ जुलै, रात्री ८:५५

टरेटचा बूड तिरका आहे का ते बघा. टरेट डेकवर न चिकटवता ठेवला असेल तर फिरवून पाहा: चूक टरेटबरोबर फिरली तर नळीत किंवा टरेटच्या बुडात, जागेवर राहिली तर डेकमध्ये. १/६०० चं जुनं मोल्ड, डेकवर बारबेटची (टरेट ज्यावर बसतो तो गोल पाया) कड सपाट असेलच असं नाही. वॉटर पेपर सपाट काचेवर चिकटवून टरेटचा बूड आठच्या आकारात दहा वेळा फिरवा, मग पुन्हा बघा.